ज्येष्ठ सुपरहिरोंसाठी हितोपदेश

गेल्या रविवारी भाचीला घेऊन आमच्या कॉमिक्सवाल्यांच्या कट्ट्यावर गेलो होतो. पोरगी पंधरा वर्षांची, मार्व्हल कॉमिक्समधल्या कमला खान या शाळकरी सुपरहिरोवर जीव टाकणारी. तिनं भाबडेपणानं विचारलं, "काका, ॲव्हेंजर्ससारखे मोठे संघ कमलासारख्या लहान सुपरहिरोंना नीट शिकवत का नाहीत? आणि मी सुरुवात कुठून करू?" हे काका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद (चाळीस वर्षांचा संग्रह, एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत). हातातला चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, "ते काय मास्तर आहेत? आणि बाळ, तू आधी १९६३पासून, ॲव्हेंजर्सच्या पहिल्या अंकापासून सगळं वाचून ये, मग बोलू." सगळे हसले. भाचीनं मोबाइल काढला तो निघेपर्यंत ठेवला नाही.

तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. रात्री अंथरुणात मात्र भराभर सुचत गेलं. तर मंडळी, आपण एखाद्या नावाजलेल्या सुपरहिरो संघाचे जुनेजाणते सभासद असाल आणि ओठ पिळले तर दूध निघेल अशी पोरं मुखवटे घालून तुमच्या दारात उभी राहत असतील, तर पुढचे सल्ले ध्यानात ठेवा. फुकट आहेत.

सगळ्यात आधी, शिकवू नका, वापरा. टोनी स्टार्ककडून, म्हणजे आयर्न मॅनकडून घ्या धडा. २०१६च्या सिनेमात त्यानं न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं एक शाळकरी पोर, म्हणजे स्पायडरमॅन, उचललं, त्याच्या काकूला अनुदानाची थाप मारली आणि थेट जर्मनीत, लाइपझिगच्या विमानतळावर कॅप्टन अमेरिकेशी लढायला उभं केलं. काम झालं, घरी सोडलं. पुढचं काम निघालं की कळवू म्हणाले. मग तो पोरगा, पीटर, बिचारा टोनीच्या हॅपी नावाच्या माणसाला मेसेजवर मेसेज पाठवतोय, आज काय केलं, कोणाची सायकल सोडवली, आणि पलीकडून उत्तर नाही. दिलं काय, तर एक भारी सूट. त्यात म्हणे 'ट्रेनिंग व्हील्स' नावाची सोय. अहो, सायकल शिकताना मागे कॅरिअर धरून धापा टाकत पळणारं कुणीतरी लागतं, ते कुठाय? ते नाही. ते कधी उगवतं? बोट मधोमध चिरली गेल्यावर. आणि येऊन करतं काय? सूट काढून घेतं.

त्यांना 'साइडकिक', म्हणजे हाताखालचा जोडीदार, म्हणा. पगाराचा विषयच निघत नाही.

एखादी तुकडी पाठवून गारद झालीच, तर एक्स-मेनच्या प्रोफेसर झेवियरसारखी उरलेल्यांची आठवणच पुसून टाका. दुसरी तुकडी पाठवायला मोकळे.

शाळा काढायची वेळ आलीच, तर प्रवेशाचा निकष सांगू नका. २०१०मध्ये ॲव्हेंजर्सनी अकादमी काढली. सहा पोरांना वाटलं, आपण सर्वांत होतकरू म्हणून निवडलो गेलो. कागद हाती लागल्यावर कळलं, हीच पोरं पुढे खलनायक व्हायची शक्यता जास्त म्हणून उचलली होती. पालकसभेत हा विषय टाळावा.

आता जेसन टॉडचं बघू. बॅटमॅनच्या पोरसवदा जोडीदाराला रॉबिन म्हणतात, त्यातला हा दुसरा. हा बॅटमॅनला सापडला तोच बॅटमोबिलची चाकं चोरताना. त्याला रॉबिनचा पोशाख चढवला, रस्त्यावर उतरवला, आणि मग साहेबांच्या लक्षात आलं की पोरगं अजून तयार नाही. मग काय, घरी बस. आईबापांच्या आठवणीनं पेटलेलं पोर घरी बसेल? ते आपल्या खऱ्या आईच्या शोधात निघालं आणि इथिओपियात जोकरच्या हाती लागलं. पहार, मग बॉम्ब. आणि वाचवायचं की मारायचं हे १९८८मध्ये कुणी ठरवलं? वाचकांनी! एका फोनला पन्नास सेंट. जगावा म्हणून ५,२७१ फोन आले, मरावा म्हणून ५,३४३. बहात्तर फोनांनी पोर मेलं. आमचे काका हे सांगताना अजून खुलतात, "आपला फोन लागला असता तर आपणही मारायलाच सांगितलं असतं, फार आगाऊ होतं कार्टं." आगाऊ! शिकवायचं नाही, सुधरायला वेळ द्यायचा नाही, आणि आगाऊ म्हणून नाव ठेवायचं. गंमत म्हणजे पुढच्या पोराला, टिम ड्रेकला, त्याच बॅटमॅननं महिनोन् महिने तयारी करून घेतल्याशिवाय रॉबिनचा पोशाख दिला नाही. म्हणजे येत होतं की शिकवायला! आधी एका पोराला मरून काचेच्या कपाटातला पोशाख होऊन बसावं लागलं, एवढंच.

शेवटचा सल्ला, काही बिनसलं की कायदा करा. २००६च्या मार्व्हल कॉमिक्समध्ये न्यू वॉरियर्स या संघाची तरुण मंडळी टीव्हीच्या शोसाठी झेपणार नाही अशा गुन्हेगारांवर चालून गेली आणि स्टॅमफर्डमध्ये सहाशेवर माणसं मेली. तोवर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग एकदम नोंदणीची सक्ती, त्याच गावात लष्करी छावणी, आणि त्या छावणीवरच्या मालिकेच्या पहिल्याच अंकात सरावात एक शिकाऊ पोरगा ठार. तेही दडपलं. २०२०मध्ये तर एकवीसच्या आतल्यांना सरकारमान्य गुरूशिवाय सुपरहिरोगिरीला बंदीच. कायद्याला नाव कुणाचं? कमलाचं. जखमी होऊन पडलेल्या पोरीचं, तिला न विचारता. तीच कमला, जी ॲव्हेंजर्सवर गोष्टी लिहीत मोठी झाली, त्यांच्या संघात गेली आणि वर्षभरात कंटाळून माइल्स आणि नोव्हा या आपल्याच वयाच्या सुपरहिरोंना घेऊन बाहेर पडली. पोरं उगाच नाही जात हो बाहेर!

सल्ले पुरे झाले. काका, आता तुमच्याशी बोलतोय. तुम्हाला कुणी १९६३पासून वाचायला लावलं होतं? तुमच्याच तोंडून दहा वेळा ऐकलंय, फोर्टच्या फुटपाथवरचा तो रद्दीवाला तुमच्यासाठी गठ्ठा बाजूला काढून ठेवायचा, पैसे नसले तर तिथंच बसून वाचू द्यायचा, पुढचा अंक कुठला तेही सांगायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठं बघून क्रम लावायचा, तुमच्यासाठी. आणि तुम्ही एवढा पसारा घरात भरून बसलात आणि एका पोरीला हसलात. लाज वाटायला हवी होती. कप खाली ठेवायचा आणि सांगायचं, कमलाची २०१४ची मालिका घे, पहिल्या अंकापासून, माझ्याकडे आहे, पुढच्या रविवारी आणतो. संपलं. एवढंही झालं नाही तुमच्याच्यानं.

आणि मीही शेजारी बसून बिस्कीट बुडवत होतो.