कपिलच्या १७५ची ती क्लिप खरी नाही

रविवारी सकाळी मीच आपल्या गोल्फ क्लब मैदानावरच्या फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेली क्लिप आता अख्ख्या नाशकात फिरतेय. मजकूर असा: '१९८३ वर्ल्डकप, झिम्बाब्वेविरुद्ध कपिलच्या १७५ धावांचा दुर्मीळ व्हिडिओ सापडला!' चूक माझी. न बघता पुढे ढकलली.

त्यात कपिल ओळीने चार सिक्स मारतो. बॉलर नीट बघा, तो इंग्लंडचा ऑफस्पिनर एडी हेमिंग्ज आहे. हा १९९० चा लॉर्ड्सचा टेस्ट सामना. नववी विकेट पडलेली, फॉलोऑन (म्हणजे लगेच पुन्हा बॅटिंगला उतरावं लागणं) टाळायला २४ धावा हव्या होत्या, दुसऱ्या टोकाला शेवटचा बॅट्समन नरेंद्र हिरवाणी. कपिलने हिशोब चार चेंडूंत मिटवला! तेही अफाटच, पण वर्ल्डकप नव्हे.

१७५ची खेळी १८ जून १९८३ ची, टनब्रिज वेल्सची. भारत ५ बाद १७, तिथून कपिल नाबाद १७५, त्यात १६ चौकार आणि ६ षटकार. किरमाणीबरोबर नवव्या विकेटसाठी नाबाद १२६. भारत ८ बाद २६६, विजय ३१ धावांनी. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नव्हतं. स्कोअरकार्ड आणि फोटो आहेत, व्हिडिओ नाही. सिनेमात दिसते ती नट मंडळी.

मी ग्रुपवरची क्लिप डिलीट केलीय. तुमच्याकडून पुढे गेली असेल, तर तिथे हा खुलासा टाका आणि जुना मेसेज कृपया थांबवा. क्लिप ठेवायचीच असेल, तर खाली '१९९०, लॉर्ड्स' एवढं लिहा.