‘मिळालेला बोध’ हा रकाना आधी खोडा

सुट्टीतला गृहपाठ असो की 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, शाळेत पुस्तकावर लिहायचा साचा ठरलेला असतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पानं, किंमत, थोडक्यात कथानक, आवडलेला प्रसंग आणि सगळ्यात खाली ‘मिळालेला बोध’. माझा राग या शेवटच्या रकान्यावर आहे. बोध लिहायला पुस्तक वाचावंच लागत नाही. मुखपृष्ठावर आई दिसली की ‘आईवर प्रेम करावे’, झाड दिसलं की ‘निसर्ग जपावा’. उरलेलं मलपृष्ठावरून उतरवायचं. तो मजकूर पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो, हे मुलांना कोणी सांगतच नाही. मग सातवीतलं पोर लिहितं, ‘लेखकाची ओघवती शैली वाचकाला खिळवून ठेवते.’

‘श्यामची आई’ घ्या. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हा प्रसंग वर्गातल्या बहुतेक वह्यांत सापडेल. प्रसंग सुंदरच आहे, पण त्यावर काय लिहायचं हे मुलांना पाठ झालेलं असतं. त्याऐवजी श्यामच्या पोहण्याचं प्रकरण वाचायला द्या. पाण्याच्या भीतीने श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून बाहेर काढते, शिपटीने मारते आणि पोहायला पाठवते. पोराला जग भित्रं म्हणेल, हे तिला सहन होत नाही. आजच्या तेरा वर्षांच्या मुलाला इथे मत असणारच. ते साधारण असं उतरू शकतं:

‘श्याम लपला तेव्हा मला तो आवडला, कारण मीही लपलो असतो. आईने मारलं तिथे मी थांबलो. पुढे श्याम पोहायला शिकतो, म्हणून आई बरोबर होती असं वाटतं. पण तो शिकला नसता तर? मग त्याच माराला आपण काय म्हटलं असतं?’

यात एकही अलंकारिक शब्द नाही, तरी पुस्तक वाचल्याशिवाय हे लिहिता येत नाही. एखादी मुलगी याच्या नेमकं उलट लिहील, की आईचं चुकलं नाही. तेही चालेल, फक्त कारण हवं. गाडी अडते ती इथेच. समासात लाल पेनाने ‘आईविषयी असे लिहू नये’ असा शेरा पडला की पुढच्या वेळी ते मूल मुकाट्याने गाईड उघडतं. सगळ्यांची उत्तरं एकसारखी येतात म्हणून मग त्यांनाच बोलणी.

पद्धत सोपी आहे. वाचताना हाताशी पेन्सिल ठेवायची. जिथे थांबलो तिथे ठिपका, पटलं नाही तिथे फुली, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पुस्तक लायब्ररीचं असेल तर कागदाची एक पट्टी घालायची आणि पान क्रमांकासह खुणा तिच्यावर करायच्या. वाचून झालं की त्यातली एकच खूण निवडायची, पाच नाही. बऱ्याचदा प्रश्नचिन्हाची जागा सगळ्यात कामाची निघते. ‘सोवळं म्हणजे काय आणि ते मोडलं तर एवढं काय होतं?’ या प्रश्नावर शहरातलं मूल पानभर लिहू शकतं. आणि लिहायचं त्याच दिवशी. आठवड्याने डोक्यात फक्त गोष्ट उरते, आपलं काय झालं होतं ते विरून जातं.

पंधरा ओळी लिहायच्या असतील तर गोष्टीला तीन, निवडलेल्या जागेला दोन आणि उरलेल्या दहा स्वतःच्या. बहुतेक वह्यांत हे प्रमाण उलटं असतं. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला एक चाळणी लावायची: हे दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चिकटतं का? ‘हृदयस्पर्शी’, ‘मनाला भिडणारे’, ‘प्रत्येकाने वाचावे असे’ ही सगळी मंडळी इथेच गळतात. ‘कंटाळा आला’ हेही चालतं, पण कुठल्या पानावर आणि कशाने ते सांगायचं.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या पेपरात, उताऱ्याखाली 3 गुणांचं स्वमत असतं. तिथेही हेच. 80 गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. स्वमताच्या वाट्याला सात मिनिटं आणि आठ-दहा ओळी येतात. ‘प्रस्तुत पाठात लेखकाने अतिशय सुंदर रीतीने...’ यात दोन ओळी फुकट जातात. पहिल्याच वाक्यात मत, दुसऱ्यात उताऱ्यातला नेमका तपशील, मग आपल्या आसपासचं एक उदाहरण. कवितेचं 4 गुणांचं रसग्रहण मात्र वेगळं. तिथे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं विचारलेली असतात. तिथे आपली आजी घुसवू नये.

पालकांनो, ‘काय शिकलास?’ ऐवजी ‘कुठे थांबलास?’ एवढंच विचारून बघा. आणि शिक्षकांसाठी एक हिशेब. 10 गुण असतील तर कथानकाला 2, नेमक्या जागेला 3, कारणाला 4 आणि शुद्धलेखनाला 1. (शुद्धलेखनावरून कमेंटमध्ये भांडण होणार, ठाऊक आहे. त्याचे गुण कापायला निबंध आहे की.)