सर्वांगासनातली चादरींची गड्डी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (वयाने मोठे आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका), माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सर्वांगासनात (खांद्यांवर भार घेऊन पाय सरळ वर) खांद्याखाली चादरींची गड्डी म्हणजे "नाजूकपणाची फॅशन", तुमचे वडील नुसत्या सतरंजीवर करायचे, योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या १९६६च्या पुस्तकातही गड्डी नाही, आणि थायरॉइडचा फायदा मी पुराव्याशिवाय लिहिला, असं तुमचं म्हणणं. ते जरूर मांडा. पण "क्लासवाल्या बायकांना सामान खपवायचं असतं" हे कशासाठी? मी चादरी विकत नाही. घरातल्याच घ्या, असं लेखात स्पष्ट आहे.

लेखात सांगितलेल्या चार चादरी प्रत्येक घरात नसतात, एवढं मान्य. मग दोन जाड सोलापुरी चौपदरी घाला.

आता नाजूकपणा. मान पुढे वाकते साधारण ५० अंश. सपाट जमिनीवर पाय सरळ वर न्यायचे तर ती ९०च्या आसपास वाकावी लागते. हे उरलेले अंश आणायचे कुठून? मानेच्या बुडाशी हाताला लागतो तो सातवा मणका जमिनीवर दाबला जातो, मागचे बंध ताणले जातात. ते टाळायला माणूस पाठ गोल करतो, की कंबरेचा सगळा भार मनगटांवर. गड्डीची घडीची गुळगुळीत बाजू मानेकडे, खांदे कडेपासून दोन-तीन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर. गादी किंवा उशी घेऊ नका, खांदे रुततात आणि उंची जाते. कोपरं फाकली की छाती खचते, म्हणून दंडांना कोपरांच्या जरा वर खांद्यांच्या रुंदीचा पट्टा. वर असताना मान वळवून घड्याळ बघायचं नाही. डोळ्यांमागे दाब वाटला की खाली यायचं. काचबिंदू, मानेच्या चकतीचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर हे आसनच नको.

इतकी वर्षं शिकवताना लोकांच्या माना जवळून बघतेय. फॅशन कशाला म्हणतात ते मला कळतं. वडिलांचे खांदे मोकळे असतील, आनंद आहे. त्यावरून सगळ्यांसाठी नियम होत नाही. आणि गुरुजी १९६६ला थांबले नव्हते, काका. पुस्तकाची पानं तीच राहिली. पुण्यातल्या वर्गात मात्र ही गड्डी त्यांनीच रूढ केली.

थायरॉइडचं पुन्हा कधीतरी. गोळ्या बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा त्यावर इथे वाद नको.