बीपी किती आहे, हे तिला सांगा

माझी मामेबहीण आठव्या महिन्यात आहे. बीपी वाढलंय, त्यामुळे हाय रिस्क. मागच्या तपासणीला तिने विचारलं, "आज किती आलं?" उत्तर मिळालं, "ते आम्ही बघतो, तू टेन्शन घेऊ नकोस." तिने हे घरच्या ग्रुपवर सांगितलं, तर आमचा डॉक्टर दादा म्हणतो, "बरोबरच आहे. आकडा कळला की घाबरून बीपी अजून वाढतं. बाळंतपणाचा आत्मविश्वास वगैरे नॉर्मल केसमध्ये ठीक." खाली सगळ्यांचे अंगठे. दोन दिवस झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण मीही हाय रिस्कच होते. इथे, इंग्लंडमध्ये. बुकिंगला, म्हणजे नाव नोंदवायच्या पहिल्या भेटीत, मिडवाइफने (शिकलेल्या सुईणीने) विचारलं, आईला प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार, झाला होता का? मी तिथूनच आईला फोन लावला. "अंगावर सूज होती, बीपीही होतं म्हणे. झटके येतील म्हणून घाईघाईने सिझर केलं," आई म्हणाली. माझी पहिलीच खेप आणि त्यात आईला झालेलं, एवढ्यावर १२व्या आठवड्यापासून रोज ॲस्पिरिन सुरू झाली. धोका कमी होईल, पण जाईलच असं नाही, हेही मिडवाइफने तेव्हाच सांगितलं.

गेला नाहीच, बीपी वाढलं. मग ते मोजायचं मशीन घरी आलं. मी वहीत आकडे लिहायची, तेही मराठीत, कारण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला वही दाखवायची असायची. ३५व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, हॉस्पिटलच्या ट्रायेजला, म्हणजे तातडीच्या तपासणीला गेले. तिथल्या मिडवाइफने वही उघडली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "तूच वाच," म्हणाली. मी वाचत गेले, ती लिहून घेत गेली. १३८/८८. १४२/९२. १४८/९६. त्या खोलीत माझ्या शरीराबद्दल मी बोलत होते आणि दुसरं कुणीतरी ऐकून लिहीत होतं. माझी भीती गेली नव्हती, पण पाय जमिनीला टेकले.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः काही करून पाहिल्याने येतो; नुसत्या धीराच्या शब्दांचा जोर त्यामानाने कमी. त्याच विचारावर नॅन्सी लो यांनी १९९३ मध्ये बाळंतपणाच्या आत्मविश्वासाची प्रश्नावली केली. तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या विचारल्या आहेत: कळा सोसायला अमुक उपाय उपयोगी पडेल का, आणि तो तुला जमेल का? मला वाटतं, हाय रिस्क बाई पहिल्याला हो म्हणेल आणि दुसऱ्याला गप्प होईल. 'टेन्शन घेऊ नकोस'ने ती बोलती होत नाही.

दादा म्हणेल, परदेशात बसून शिकवणं सोपं असतं. पण इथेही हे आपोआप आलेलं नाही. नदीन माँटगोमरी या स्कॉटलंडमधल्या बाईंना मधुमेह होता, अंगलट लहान. बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के होती, पण ऐकून त्या सिझेरियन मागतील म्हणून डॉक्टरांनी ती सांगितलीच नाही. बाळाला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की असा महत्त्वाचा धोका बाईला सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी तपासणी होते आणि हाय रिस्क बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो स्टिकर तिला दिसतो, दादा. ती घाबरायची ती घाबरतेच, फक्त कशाला घाबरायचं ते तिला कळत नाही. एक आकडा सांगायला किती वेळ लागतो?

माझंही शेवटी सिझेरियनच झालं. तरी मला हरल्यासारखं वाटलं नाही, कारण शेवटपर्यंत मला विचारलं जात होतं.

पण एक गोष्ट मी ग्रुपवर लिहू शकले नाही. आईचा व्हिसा वेळेत आला नाही. झटके येऊ नयेत म्हणून हाताला मॅग्नेशियमचं ड्रिप, शेजारी नवरा, आणि स्वतः बाळंत झालेलं माझं असं एकही माणूस खोलीत नाही. कळांमध्ये कुणीतरी सतत सोबत असलं की बायका नैसर्गिकरीत्या प्रसूत होण्याची शक्यता वाढते, हे कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या संशोधनांच्या आढाव्यात आहे. २६ चाचण्या, १५ हजारांवर बायका. मामेबहिणीच्या उशाशी आई, मामी, मावशी सगळ्या असतील. मला तिचा हेवा वाटतो. मी कितीही भांडले तरी मला तिथेच असायचं होतं.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा आई आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन बसली, एकेका आकड्यावर बोट ठेवत.

"माझं किती होतं गं तेव्हा?"

मला कुठून ठाऊक असणार? तिचं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

"मला कुणी काही सांगितलंच नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच काहीतरी जड उचललं असेल."