स्पर्धेचा जाच कसा टाळावा

धंद्यात पडताय आणि स्पर्धेची कटकट नको? मग एकट्याने भाव वाढवू नका, गिऱ्हाईक शेजारी जातं. शेजाऱ्यालाही वाढवायला लावा. सगळं शास्त्र एवढंच.

टेंडर मॅनेज करणारे हे कधीपासून करत आलेत. 'या वेळी तू घे, पुढचं माझं', आणि बाकीच्यांनी चढे दर भरून हजेरी लावायची. पण ती किरकोळ माणसं. शिकायचं तर सिमेंटकडून शिका.

आधी संघटना काढा. चार स्पर्धक हॉटेलात भेटले तर संशय येतो. संघटनेची बैठक म्हटलं की जेवणाचं बिलही खर्चात टाकता येतं. सिमेंट उत्पादकांच्या संघटनेकडे भावांचे आकडे जमायचे. कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: सरकारलाच हवे असतात. याहून सोज्वळ कारण सुचलं तर कळवा.

मग माल बेताने काढा. स्पर्धा आयोगाच्या (संगनमत पकडणाऱ्या सरकारी संस्थेच्या) निकालात नोंद आहे, 2009-10 साली कारखाने क्षमतेच्या 83 टक्के चालले, पुढच्या वर्षी 73 टक्के. मागणी तेवढी पडली नव्हती, असं आयोगाचं मत. कंपन्यांना अर्थातच ते मान्य नाही, आणि तुम्हीही कधी काही मान्य करू नका.

बाकीचं काम गिऱ्हाईकच करतं. उद्या स्लॅब आहे, सेंट्रिंगचं भाडं चढतंय, गवंडी सकाळी सातला हजर होणार. घर बांधणारा दुकानात येतो तेव्हा गोणीमागे भाव वाढलेला. "वरूनच वाढलंय साहेब, आमच्या हातात काय?" तो दुसरी कंपनी विचारतो. गोणीचा रंग बदलतो, भाव तोच. शेवटी म्हणतो, "टाका टेम्पोत."

आता कायदा. भिऊ नका, तो सावकाश येतो. 1969 चा मक्तेदारी कायदा थकला म्हणून 2002 साली स्पर्धा कायदा आणला. संगनमताचं कलम लागू व्हायला 2009 उजाडलं. सिमेंटविरुद्ध तक्रार केली ती बिल्डरांच्या संघटनेने. (हो, घरांचे भाव ज्यांच्यामुळे जमिनीवर आहेत, तेच.) जून 2012 मध्ये 11 कंपन्यांना मिळून 6,300 कोटींच्या वर दंड झाला. पेपरांत ठळक मथळे आले. 2015 साली अपील न्यायाधिकरणाने तो निकाल रद्द केला, कारण आयोगाच्या ज्या अध्यक्षांनी त्यावर सही केली त्यांनी युक्तिवादच ऐकला नव्हता! पुन्हा सुनावणी झाली आणि 2016 साली पुन्हा जवळपास तेवढाच दंड. 2018 च्या जुलैत वरच्या न्यायाधिकरणाने तो कायम केला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं आणि तूर्त 10 टक्के भरायला सांगितले. तोवर 2012 चा स्लॅब जुना होऊन गळायलाही लागला असेल. वकिलांची फी मात्र वेळच्या वेळी द्या, तिथे संगनमत चालत नाही.

धोका एकच, कलम 46. टोळीतला जो पहिला आयोगाकडे जाऊन सगळं ओकेल, त्याचा दंड अख्खा माफ होऊ शकतो. दुसऱ्याला सूट कमी, तिसऱ्याला आणखी कमी. म्हणून बैठकीत दाराजवळची खुर्ची धरा, आणि कोणी फोन आला म्हणून घाईने बाहेर पडलं, तर त्याच्या आधी पार्किंग गाठा.