बिचारे कोण?

आज एका साखरपुड्याला गेले होते. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

हॉलच्या दारात मामी थिजली. घरात कंपवात (पार्किन्सन्स) असलेल्यांना हे नवीन नाही. मोकळ्या जागेत बरं चालणारं माणूस दार आलं की जागच्या जागी अडकतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मामा शेजारी उभा राहिला आणि तोंडाने लेझीमचा ठेका धरला. ठेका मिळाला की तिचा पाय उचलतो. उचलला. आली आत. तेवढ्यात मागून पैठणीतल्या एक बाई, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "किती करतात हो बिचारे! देवमाणूस!"

अहो बाई, कंपवातात कान शाबूत असतात!

गेल्या रविवारी लेकीबरोबर 'लव्ह अँड अदर ड्रग्ज' पाहिला. २०१०चा आहे, जुना. सव्वीस वर्षांची मॅगी, पार्किन्सन्सची सुरुवात. हीरो औषध कंपनीचा विक्रेता, डॉक्टरांच्या मागे लागून व्हायग्रा खपवणारा. प्रेमात पडतो आणि मग इलाज शोधत तिला या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरवत सुटतो. एका टप्प्यावर तीच कंटाळून त्याला सोडते. मला ते फार पटलं. तिला प्रियकर हवा होता, आणि हा तिच्या फायली सांभाळत बसला.

मान्य, मॅगी झालेल्या अ‍ॅन हॅथवेचा हात थरथरला तरी सुंदरच दिसतो, आणि खरी कठीण वर्षं यायच्या आत सिनेमा संपतो. त्यातच एका पेशंटचा नवरा हीरोला सांगतो की बॅग भर आणि निघ. तो माणूसही खोटं बोलत नाही. मामासुद्धा चिडतो. एका दिवाळीत मामीच्या ब्लाउजचे हुक लावता लावता "बास झालं" म्हणून निघून गेला होता. तासाभराने आला, भजी घेऊन.

पण याला 'सेवा' का म्हणायचं? तिशीतल्या पोराने बायकोसाठी भजी आणली की रोमँटिक, आणि सत्तरीतल्या मामाने आणली की पुण्य? (आणि आजारी मामा असता, ठेका मामीने धरला असता, तर देवमाणूस सोडाच, कुणी मान वळवून पाहिलंही नसतं. तो राग वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

मामीचा चेहरा आता फारसा हलत नाही, आवाजही बारीक झालाय. त्यामुळे ती विनोद करते तेव्हा कुणाला कळतच नाही. मामाला कळतं. आत यायच्या आधी, दारात लेझीम चालू असताना ती काहीतरी पुटपुटली आणि मामा ठेका सोडून खो खो हसत सुटला. परिणामी ती पुन्हा अडकली! दोघं तिथेच दारात, मागे अहेराची पाकिटं धरून रांग. मी जवळ जाऊन विचारलं, काय म्हणाली रे? "म्हणते, ढोल कुठंय? भाड्याने आणायला काय झालं होतं?"

नंतर मामी पेढा उचलायला गेली तर मामाने हात धरला, गोळीला अजून अर्धा तास आहे. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं... बाकीच्यांना तो कोरा चेहरा वाटला असेल. मामा लाजला. सत्तरीचा माणूस, चक्क लाजला.

कॉमेंटमध्ये कुणी 'आदर्श जोडपं' लिहून हात जोडलेत तर उडवणार आहे.