नाईस!

आज आईची गोधडी पूर्ण झाली. तीन महिने लागले. आजीचं जांभळं इरकली लुगडं, बाबांचे दोन सदरे, माझा शाळेतला फ्रॉक, सगळं धावदोऱ्याने जोडलेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दोरा ओवता येत नाही. ऑफिसला निघताना मी दहा सुया ओवून ठेवायचे.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या आमच्या चिरंजीवांना हॉस्टेलवर व्हिडिओ कॉल लावला. तिने गोधडी उलगडून दाखवली. साहेब जेवता जेवता म्हणाले, "नाईस, आजी." फोन बंद.

नाईस?? त्या साखर लावलेल्या बिस्किटालाही नाईसच म्हणतात ना!

इतकी तिडीक गेली की शब्दाचं मूळच काढलं. लॅटिनमधला 'नेस्किउस'. 'ने' म्हणजे न आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. थोडक्यात, अडाणी! (सायन्स त्याच 'स्किरे'चं लेकरू.) जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत शिरला तो 'मूर्ख' याच अर्थाने. पुढे भित्रा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत 'छान'वर पोचला थेट अठराव्या शतकात. १८१७च्या अखेरीस आलेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या इंग्रजी कादंबरीत जेन ऑस्टिनचा नायकच या शब्दाची टर उडवतो, की हल्ली कशालाही नाईस! म्हणजे दुखणं जुनंच आहे.

बिचाऱ्या 'सिली'चं नेमकं उलटं झालं. आधी धन्य, मग निष्पाप, मग दुबळा, शेवटी मूर्ख. आपल्याकडे 'भोळा'चं तेच. शंकराला म्हणताना हात जोडतो, शेजाऱ्याला म्हणताना डोळा मारतो.

हो, शब्दाचा अर्थ वापरावर ठरतो, मुळावर नाही. कबूल. सकाळीच एका मैत्रिणीच्या साडीच्या फोटोखाली मीही नाईस लिहिलंय, तेही कबूल. पण साडी तिने दुकानातून आणली होती हो!

आत्ता गोधडी घडी करताना नीट पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, एकही ओळ वाकडी नाही. त्या जुन्या 'काटेकोर' अर्थाने नाईसच म्हणायची. पोरगं चुकून बरोबर बोललं की काय!

आईला विचारलं, वाईट वाटलं का गं?

"नाईस म्हणजे छानच ना? मग झालं की." आणि सुई माझ्यापुढे धरली. उरलेल्या तुकड्यांची उशीची खोळ करायची आहे म्हणे. त्याच्याचसाठी.